गॅस कोणता, हा शेवटचा प्रश्न: एका गावच्या दूध संस्थेतील शीतकरणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका गावची ही प्राथमिक दूध संस्था सकाळी सुमारे एक हजार आणि संध्याकाळी सुमारे आठशे लिटर गायीचे दूध गोळा करते. संस्थेचे, संघाचे आणि व्यक्तींचे नाव-गाव येथे वगळले आहे. घटनाक्रम २०२३ चा उन्हाळा ते २०२४ चा पावसाळा या काळातला आहे. तालुका संघाने बऱ्याच वर्षांपूर्वी दिलेला दोन हजार लिटरचा बल्क कूलर, म्हणजे दूध थंड करून साठवणारी टाकी, हे संस्थेचे सर्वांत महागडे यंत्र. संध्याकाळचे दूध त्यात रात्रभर राहते, सकाळचे त्यात मिसळले जाते आणि त्यानंतर संघाचा टँकर येऊन सगळे दूध घेऊन जातो.

कूलरचे शीतकरण आर-२२ या गॅसवर चालत होते. हा गॅस ओझोनच्या थराला हानी पोहोचवतो, शिवाय एक किलो आर-२२ हवेत गेला तर त्याचा शंभर वर्षांतील तापमानवाढीचा परिणाम सुमारे १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल कराराखालील कार्यक्रमानुसार आर-२२ च्या गटातील गॅस वापरून नवी यंत्रे बनवणे भारतात १ जानेवारी २०२५ पासून थांबवण्यात आले आहे, आणि २०३० नंतर जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरताच अगदी थोडा पुरवठा शिल्लक राहील. संचालक मंडळाला यातले एवढेच ठाऊक होते की मेकॅनिक दर वर्षी गॅसचा दर वाढवून सांगतो.

अडचण

२०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत दोन गोष्टी एकदम घडल्या. संध्याकाळी वीज गेली की दूध थंड होण्यास फार वेळ लागू लागला आणि संघाच्या प्रयोगशाळेतून दूध आंबट निघाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. एकदा तर टँकरमधील संपूर्ण कप्प्याचा दर कापला गेला आणि त्याची झळ ज्यांचे दूध चांगले होते त्यांनाही बसली. दुसरीकडे गॅस वारंवार भरावा लागत होता. सचिवांनी जुनी बिले काढून बेरीज केली तेव्हा वर्षाकाठी साधारण सहा किलो गॅस भरला जात असल्याचे दिसले, आणि यंत्राची मूळ क्षमताच आठ किलोच्या आसपास होती. म्हणजे यंत्रातील बहुतेक गॅस दर वर्षी हवेत जात होता.

संचालकांपुढे आलेला प्रश्न मात्र असा होता: ‘जुना गॅस बंद होणार आहे, मग नवा कोणता घ्यावा?’ प्रश्नाची ही मांडणी यंत्र विकणाऱ्याच्या सोयीची होती. पुढील बहुतेक निर्णय ती बदलल्यामुळेच शक्य झाले.

आधी मोजमाप

संघातील एका तांत्रिक अधिकाऱ्याने आग्रह धरला की काहीही विकत घेण्यापूर्वी कूलरला स्वतंत्र वीजमीटर बसवावा आणि दुधाचे तापमान दर अर्ध्या तासाने वहीत लिहावे. काही संचालकांना हा वेळकाढूपणा वाटला. तरीही डिसेंबरच्या सुरुवातीला मीटर बसला.

मोजणीबरोबर कागदावरचा हिशेबही मांडण्यात आला. संस्थेत पोहोचणारे दूध साधारण ३२ अंशांवर असते आणि ते ४ अंशांवर आणायचे असते. हजार लिटर दुधातून तेवढी उष्णता काढायची म्हणजे सुमारे ३१ ते ३२ युनिट (विजेप्रमाणेच उष्णताही येथे किलोवॉट-तासांत, म्हणजे युनिटमध्ये, मोजली आहे). बऱ्या स्थितीतील यंत्र एका युनिट विजेवर दोन ते अडीच युनिट उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे अठराशे लिटरला दिवसाकाठी २५ ते ३० युनिट वीज पुरायला हवी. मीटरवर आकडा ३५ च्या पुढे जात होता, तोही थंडीत.

यानंतर यंत्राभोवती पाहणी झाली. कंडेन्सर, म्हणजे दुधातून काढलेली उष्णता हवेत सोडणारा यंत्राचा भाग, पश्चिमेकडे तोंड असलेल्या पत्र्याच्या बंदिस्त शेडमध्ये, जनरेटरला लागून उभा होता. शेजारीच कडबाकुट्टीचे यंत्र. कंडेन्सरच्या पत्र्यांमध्ये कडब्याचा भुसा आणि तेलकट धूळ यांचा थर इतका घट्ट बसला होता की विजेरीचा उजेड आरपार दिसत नव्हता. पंख्याने बाहेर फेकलेली गरम हवा शेडमध्येच फिरून पुन्हा कंडेन्सरमध्ये शिरत होती. कंडेन्सरचे तापमान एका अंशाने वाढले की विजेचा वापर साधारण दोन ते तीन टक्क्यांनी वाढतो, हा शीतकरणातला नेहमीचा ठोकताळा आहे. इथे हवा किती अंशांनी अधिक तापत होती हे दुपारी शेडमध्ये नुसते उभे राहिले तरी कळत होते.

गळतीची जागाही सापडली. तांब्याच्या नळ्या जोडणाऱ्या दोन फ्लेअर नटांभोवती तेलाचा काळसर डाग होता आणि त्यावर साबणाचे पाणी लावताच बुडबुडे आले. गॅस भरण्याच्या व्हॉल्व्हचे टोपणही जागेवर नव्हते. कित्येक वर्षे गॅस भरला गेला, पण तो जातो कुठे हे कुणी शोधले नव्हते. मेकॅनिकला दोष देणे सोपे आहे, परंतु त्याला पैसे मिळत होते ते गॅस भरण्याचे. गळती शोधण्याच्या कामासाठी संस्थेच्या खर्चपत्रकात रकानाच नव्हता.

या टप्प्यावरच्या एका हिशेबाने चर्चेची दिशा बदलली. दिवसाला ३५ युनिट म्हणजे वर्षाला पावणेतेरा हजार युनिट वीज. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर हे वर्षाला सुमारे ९ टन होते. गळणारा सहा किलो आर-२२ एकटाच जवळपास ११ टनांच्या बरोबरीचा होता. विजेच्या बिलापेक्षा दोन सैल नट हवामानाला अधिक महाग पडत होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे गळती बंद करून, कंडेन्सर हलवून जुनेच यंत्र चालवणे. खर्च सर्वांत कमी होता आणि वीज नक्की वाचणार होती. मात्र वीज गेल्यावरची अडचण तशीच राहिली असती आणि काही वर्षांनी गॅस मिळेनासा झाला असता.

दुसरा पर्याय मेकॅनिकने स्वतः सुचवला. ‘सचिवसाहेब, हायड्रोकार्बन भरून देतो. दाब जवळपास तोच, नळ्या बदलायच्या नाहीत, गॅसही निम्माच लागतो,’ असे त्याचे म्हणणे होते. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्याला म्हणायचा होता तो हायड्रोकार्बन, प्रोपेन, म्हणजेच आर-२९०, दाबाच्या दृष्टीने आर-२२ च्या जवळ आहे, त्याची तापमानवाढीची क्षमता नगण्य आहे आणि तो कार्यक्षमही आहे. महाराष्ट्रातील एका कंपनीने २०१२ पासून त्यावर चालणारे घरगुती एसी बाजारात आणले आहेत. आपल्या घरांतील नवे फ्रीज बहुतांशी त्याच कुळातल्या आयसोब्युटेनवर चालतात. पण ती यंत्रे मुळातच ज्वलनशील गॅससाठी घडवलेली असतात. इथे आठ किलो आर-२२ च्या जागी साधारण साडेतीन किलो प्रोपेन भरला गेला असता. चार मीटर लांब, चार रुंद आणि अडीच उंच अशा बंदिस्त शेडमध्ये तो सगळा गळला, तर हवेत त्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास जाते. प्रोपेन दोन टक्क्यांच्या थोडे वर गेला की पेट घेऊ शकतो, तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि त्याच शेडमध्ये ठिणगी टाकणारा कॉन्टॅक्टर (यंत्र चालू-बंद करणारा विजेचा स्विच) व जनरेटर होता. वर्षाला बहुतेक गॅस गळू देणाऱ्या यंत्रात असा गॅस भरणे म्हणजे अपघाताला तारीख देण्यासारखे होते. हा पर्याय त्याच बैठकीत फेटाळला गेला. अशी भरणी गावोगावी होते आणि बहुतेक वेळा काही घडत नाही, म्हणूनच ती चालू राहते, हे येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

तिसरा पर्याय विक्रेत्याचा होता: आर-४०४ए गॅसवरचा नवा कूलर. माहितीपत्रकावर हिरव्या पानाचे चित्र आणि ‘पर्यावरणपूरक’ असा शिक्का होता. हा गॅस ओझोनला धोका देत नाही, हे खरे. परंतु त्याची तापमानवाढीची क्षमता ३,९२२ आहे, म्हणजे आर-२२ च्या दुपटीहून अधिक. देखभाल पूर्वीसारखीच राहिली आणि तेवढाच गॅस गळला, तर ११ टनांचे साडेतेवीस टन झाले असते. शिवाय या कुळातील गॅसही मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीखाली टप्प्याटप्प्याने कमी होणार आहेत. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली असून २०२८ मध्ये वापर गोठवायचा, २०३२ मध्ये १० टक्के आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची, असे तिचे वेळापत्रक आहे. आज घेतलेला कूलर पंधरा-वीस वर्षे चालतो हे लक्षात घेता, एका बंद होणाऱ्या गॅसवरून दुसऱ्या कमी होणाऱ्या गॅसवर उडी मारण्यासाठी कर्ज काढणे मंडळाला पटले नाही.

चौथा पर्याय बर्फाच्या साठ्याचा. लहान यंत्राने बराच वेळ चालून टाकीत बर्फ तयार करायचा आणि दूध आले की एक-दोन अंशांचे बर्फाचे पाणी प्लेट चिलरमधून (पातळ पत्र्यांच्या एका बाजूने दूध आणि दुसऱ्या बाजूने थंड पाणी वाहणारे उपकरण) फिरवून दूध कूलरमध्ये पडण्यापूर्वीच थंड करायचे. हजार लिटर दुधाला सुमारे ३४० किलो बर्फ पुरतो. वाया जाणारा धरून चारशे किलोचा साठा ठेवावा लागतो. संकलनाच्या वेळी वीज गेली तरी एका लहान पंपापुरतीच वीज लागते. याचा आणखी एक फायदा विक्रेत्यांच्या बोलण्यात क्वचितच येतो. पूर्वीच्या पद्धतीत सकाळचे हजार लिटर कोमट दूध रात्रीच्या आठशे लिटर थंड दुधात ओतले की सगळ्याचेच तापमान वीस अंशांकडे चढत असे, आणि रात्रभर वीज खर्च करून राखलेले दूध तासाभरात पुन्हा जिवाणूंच्या सोयीचे होत असे. प्लेट चिलरमुळे हे टळते.

विहिरीच्या पाण्याने दूध आधी थोडे थंड करून घ्यावे, अशीही सूचना होती. परदेशी माहितीपत्रकांत या उपायाने निम्मी वीज वाचते असे लिहिलेले असते. तिथे पाणी दहा-बारा अंशांचे असते. आपल्याकडे विहिरीचे पाणी २६-२७ अंशांवर असते, म्हणजे ३२ अंशांचे दूध फार तर २८ पर्यंत येईल आणि एकूण कामातला सातवा हिस्साच कमी होईल. त्यासाठी उन्हाळ्यात, विहीर तळाला गेलेली असताना, रोज पाणी उपसणे गावाला मान्य होण्यासारखे नव्हते. छतावरील सौरऊर्जेचा विचार पुढच्या वर्षावर टाकण्यात आला.

निर्णयाचे मुद्दे

मंडळाने पहिला व चौथा पर्याय एकत्र करून दोन टप्प्यांत काम करायचे ठरवले: आधी डागडुजी, मग बर्फाचा साठा. यातले दोन निर्णय तपशिलाने पाहण्यासारखे आहेत.

पहिला निर्णय बर्फाच्या यंत्रात कोणता गॅस असावा, याचा. बर्फ सोळा-सतरा तासांत सावकाश करायचा असल्याने पूर्वीसारखे दहा किलोवॉटचे शीतकरण लागत नव्हते, सुमारे पाच किलोवॉट पुरत होते. ते अडीच-अडीच किलोवॉटच्या दोन स्वतंत्र यंत्रांत विभागले, तर प्रत्येकात प्रोपेनची भरणी अर्ध्या किलोच्या आत बसते. तेवढा गॅस त्याच शेडमध्ये पूर्ण गळला तरी हवेतले प्रमाण पाऊण टक्क्यापेक्षा कमी राहते, आणि ही यंत्रे तर उघड्यावर, उत्तरेच्या भिंतीबाहेर बसणार होती. मेकॅनिकने सुचवलेला गॅस आणि मंडळाने अखेर निवडलेला गॅस एकच होता. पण भरणीचे प्रमाण, यंत्राची घडण आणि बसवण्याची जागा बदलल्यामुळे तोच गॅस एका ठिकाणी धोकादायक आणि दुसऱ्या ठिकाणी योग्य ठरला. एक यंत्र बिघडले तरी दुसरे अर्धा बर्फ करीतच राहते, हा दोन यंत्रांचा आणखी एक लाभ.

दुसरा निर्णय दुरुस्तीच्या हमीचा होता आणि बैठकीत सर्वाधिक वेळ त्यालाच लागला. प्रोपेनवर काम करणारा प्रशिक्षित माणूस तालुक्यात नव्हता. जिल्ह्याच्या ठिकाणाहून माणूस येईपर्यंत दोन वेळचे दूध नासले असते. देशाच्या शीतकरण कृती आराखड्यात मार्च २०१९ मध्येच एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले होते, पण उद्दिष्ट देशाचे असते आणि बिघाड गावात होतो. शेवटी संस्थेने अशी अट घातली की उत्पादकाने गावच्याच मेकॅनिकला प्रशिक्षण द्यावे आणि त्यानंतरच उरलेली रक्कम घ्यावी. ज्याची सूचना फेटाळली गेली होती त्यालाच प्रशिक्षणाला पाठवण्यास काही संचालकांचा विरोध होता. चेअरमननी तो मोडून काढला. माझ्या मते सबंध प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

कृती

जानेवारीत कंडेन्सर शेडबाहेर उत्तरेच्या बाजूला आणला, वर सावलीला पत्रा आणि पुढे काढता येणारी जाळी बसवली. दर रविवारी पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने तो धुण्याचे काम शिपायाकडे दिले. कडबाकुट्टी आवाराच्या दुसऱ्या टोकाला गेली. फ्लेअर जोड काढून शक्य तिथे नळ्या ब्रेझिंगने (वितळवलेल्या धातूने सांधून) जोडल्या, नायट्रोजनच्या दाबावर रात्रभर तपासल्या, व्हॅक्यूम पंपाने ओलावा काढला आणि मगच गॅस वजन करून भरला. हे सगळे पुस्तकातले नेहमीचे काम आहे. या यंत्राच्या आयुष्यात ते कदाचित प्रथमच झाले.

दुसऱ्या टप्प्याचा खर्च सर्वसाधारण सभेपुढे गेला. काही भाग संघाने उचलला आणि उरलेल्यासाठी लिटरमागे किरकोळ कपात करण्याचे ठरले. सभेत हवामानबदलावर कुणी फारसे बोलले नाही. जनरेटरच्या डिझेलच्या पावत्यांची फाईल आणि दर कापल्याचे संघाचे पत्र एवढ्यावरच मंजुरी मिळाली. मार्चच्या अखेरीस बर्फाची टाकी, प्लेट चिलर आणि दोन्ही यंत्रे सुरू झाली. यंत्रांच्या गरम वायूतून उष्णता घेऊन धुण्यासाठीचे पाणी तापवण्याची सोयही त्यांत होती. त्यामुळे भांडी व टाकी धुण्यासाठी पेटवला जाणारा लाकडाचा बंब मुख्यतः पावसाळ्यापुरता उरला.

जुने यंत्र लगेच काढायचे की राखीव ठेवायचे, यावर मतभेद झाले. एक उन्हाळा राखीव ठेवून जूनमध्ये त्यातला आर-२२ रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घेण्यात आला. ते मशीन संघाच्या मुख्य डेअरीतून मागवावे लागले.

फलित

केवळ कंडेन्सर हलवणे, स्वच्छता आणि गळतीबंदी यांमुळे फेब्रुवारीत दर शंभर लिटरमागे विजेचा वापर डिसेंबरच्या तुलनेत सुमारे सहाव्या हिश्श्याने उतरला, तोही हवा तापू लागली असताना. यावर झालेला खर्च एका वर्षाच्या गॅसभरणीपेक्षा फारसा अधिक नव्हता.

बर्फाच्या साठ्याचे फलित मात्र मिश्र आहे. बर्फ करण्यासाठी यंत्राला शून्याखाली बरेच जावे लागते, त्यामुळे त्याची कार्यक्षमता थेट दूध थंड करणाऱ्या यंत्रापेक्षा कमी असते. रात्रीच्या थंड हवेत चालल्याने त्यातला काही तोटा भरून निघतो, सगळा नाही, त्यात पंपाची भर पडते. एप्रिल-मे महिन्यांत दर शंभर लिटरमागचा वापर फेब्रुवारीपेक्षा किंचित अधिकच आला. वीजबिल घटेल या आशेने जे सदस्य राजी झाले होते त्यांची थोडी निराशा झाली. फायदा दिसला तो इतरत्र: संकलनाच्या वेळी जनरेटर जवळजवळ लागला नाही, दूध कूलरमध्ये पाच-सहा अंशांवर पडू लागले आणि त्या उन्हाळ्यात आंबट दुधाची एकही कपात झाली नाही. गॅसची गळती आढळली नाही. आढळली असती, तरी अर्धा किलो प्रोपेनचा हवामानावरील परिणाम हिशेबात धरण्याइतका नसतो.

वेगळे काय करता आले असते

मीटर डिसेंबरऐवजी आधीच्या एप्रिलमध्येच बसायला हवा होता. तसे न झाल्याने उन्हाळ्याची उन्हाळ्याशी तुलना करता आली नाही, आणि बर्फाच्या साठ्याने वीज वाचली की वाढली हा वाद आजही आकड्यांनी मिटत नाही.

सभेपुढे प्रस्ताव मांडताना वीजबचत आणि डिझेलबचत एकाच ओळीत दाखवली गेली. त्या वेगळ्या मांडल्या असत्या तर मंजुरीला कदाचित आणखी एक सभा लागली असती, पण नंतरची कुरबूर टळली असती. शिवाय बर्फ किती जाडीचा करायचा याचा सेन्सर उन्हाळ्याच्या गरजेवर एकदाच लावून ठेवला गेला. थंडीत, दूध कमी तापलेले असताना, त्याहून बराच कमी बर्फ पुरतो आणि बर्फाचा थर जाड होईल तशी यंत्राची वीज वाढत जाते. हा सेन्सर ऋतूनुसार बदलण्याचे काम आता सचिवांच्या यादीत आहे.

काढून घेतलेल्या आर-२२ च्या सिलिंडरचे काय करायचे, हे आधी ठरवलेले नव्हते. तो गॅस शुद्ध करून पुन्हा वापरता येतो, पण तालुक्यात तो स्वीकारणारे कोणीही नव्हते आणि संस्थेच्या गोदामात तो महिनोन्महिने पडून होता. अखेर संघाने तो आपल्या ताब्यात घेतला आणि इतर गावांतील अजून चालू असलेल्या आर-२२ कूलरच्या दुरुस्तीसाठी ठेवला. शेजारच्या दोन संस्थांनी असेच काम करण्याची तयारी दाखवली आहे. संघाने त्यांना पहिली अट घातली आहे ती स्वतंत्र मीटरवर पूर्ण उन्हाळ्याची नोंद ठेवण्याची, आणि दुसरी, गळती शोधण्याच्या कामासाठी खर्चपत्रकात वेगळी तरतूद करण्याची.